नवे अंगठेबहाद्दर

मे २०२५मध्ये पुण्यात बिबवेवाडीला खेटून असलेल्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद घ्यायचं बंद केलं. आदल्याच महिन्यात, २२ एप्रिलला, पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली होती. त्यांत पुण्याचे दोघे होते. पाठोपाठ पेटलेल्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तान आणि अझरबैजान उघडउघड पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. व्यापाऱ्यांनी माल नाकारला, हिमाचलाकडे आणि इतर देशांकडे मोर्चा वळवला आणि जो काही तोटा व्हायचा तो गल्ल्यातून सोसला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. ज्याच्या खिशाला चाट बसते त्याला बहिष्काराचा अधिकार आहे.

भांडण आहे ते गंगाधाम चौकापासून सुखसागरनगरापर्यंतच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्याशी. त्याच आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर रद्द केलेल्या बुकिंगांचे स्क्रीनशॉट फिरू लागले. ज्यांनी बुकिंग केलंच नव्हतं त्यांनीही इस्तंबूल आणि बाकूवर बहिष्कार टाकून घेतला. थोड्याच दिवसांपूर्वी याच ग्रुपांवर अझरबैजानच्या बर्फातले फोटो पडत होते आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘युरोपचा फील, निम्म्या पैशात’. काश्मीरच्या प्रश्नावर तुर्कस्तान वर्षानुवर्षं पाकिस्तानची तळी उचलत आला होता, हे काही गुपित नव्हतं. फुग्यात बसून कॅपाडोकिया बघताना ते कुणाला आठवलं नाही. आठवायला ट्रेंड यावा लागला. आणि ट्रेंड ओसरल्यावर ते पुन्हा विसरायलाही कुणाची परवानगी लागली नाही.

तुर्कस्तानला वर्षाला पाच कोटींहून अधिक परदेशी पर्यटक जातात. त्यांत २०२४मध्ये आपले होते सव्वातीन लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांनी पाठ फिरवल्याने अंकाराचं सरकार हादरत नाही. हादरतो तो आपल्या लोकांसाठी जैन जेवण शिकून घेतलेला एखादा स्वयंपाकी, लग्नाच्या वऱ्हाडांवर वर्ष काढणारा एखादा गाडीवाला. बहिष्कार टाकायचा तर हे माहीत असून टाकावा. हत्यार उचलताना ते कुणावर पडणार हे ठाऊक असणं, एवढीच त्यातली नीती.

मालदीवचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर बेताल शेरे मारले आणि एका रात्रीत आपण त्या देशाचं नाव टाकलं. २०२३मध्ये मालदीवला सर्वांत जास्त पर्यटक भारतातून गेले होते, दोन लाखांहून थोडे जास्त. २०२४मध्ये ते सव्वा लाखाच्या आसपास आले. ज्या देशाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पर्यटनावर उभा आहे त्याला हा धक्का लहान नव्हता. पण झालं काय? चीनचे पर्यटक वाढले आणि मालदीवने त्याच वर्षी एकूण वीस लाखांचा टप्पा ओलांडला. जुलै २०२५मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला आपलेच पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून गेले. मुत्सद्देगिरीत असं चालतं, चालायलाच हवं. मात्र त्याच्या दीड वर्ष आधी ज्यांनी देशभक्तीचा कडेलोट केला होता त्यांच्यापैकी एकालाही ‘आपण नेमकं काय साधलं’ असा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही.

आणि लक्षद्वीप? ‘चलो लक्षद्वीप’ म्हणणाऱ्यांनी नकाशा तरी पाहिला होता का? छत्तीस बेटं मिळून बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, २०११च्या जनगणनेनुसार साडेचौसष्ट हजारांच्या घरात वस्ती, जायला परवाना लागतो, गोड्या पाण्याची चणचण कायमची. तिथली प्रवाळं हीच त्या बेटांची पायाभरणी. तिथे पुण्याहून मालदीवएवढी झुंबड न्यायची म्हणजे देशप्रेमापोटी आपलाच एक तुकडा तुडवायचा. त्या बेटांवरच्या माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला आम्ही हवे आहोत का.

काश्मीरचं तर काय सांगावं. पहलगामच्या हल्ल्यात पर्यटकांना वाचवायला धावलेला एक स्थानिक घोडेवाला मारला गेला. हल्ल्यानंतर सरकारने सुरक्षेसाठी खोऱ्यातली सत्त्याऐंशीपैकी अठ्ठेचाळीस पर्यटनस्थळं बंद केली. ती काळजी समजण्यासारखी होती. पण आपल्याकडे ‘यापुढे काश्मीरला एक रुपया द्यायचा नाही’ असे निरोप फिरले, आणि ते पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेसवरलेले, निवृत्त, नातवंडांना श्लोक शिकवणारे लोक होते. बिबवेवाडीहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर धनकवडीत ‘सरहद’ ही संस्था वर्षानुवर्षं काश्मीरच्या मुलांना शिकवते आहे. शेजारच्या गल्लीत एवढं काम चाललेलं असताना आपण खोऱ्यातल्या सगळ्या घोडेवाल्यांची, शिकारेवाल्यांची, शालवाल्यांची चूल विझवायचा ठराव जेवणानंतर सोफ्यावर बसून केला. मारेकऱ्यांना नेमकं हेच हवं होतं की खोऱ्यातलं बाहेरच्या माणसाचं येणं थांबावं. आपण त्यांचा अर्धा हेतू फुकटात पुरा करून दिला.

या पुण्याला बहिष्कार नवा नाही. १९०५मध्ये इथे विदेशी कापडाची होळी झाली. पण त्या पिढीने होळीवर भागवलं नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने घरोघर एकेक पैसा मागायला सुरुवात केली, टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. विदेशी काच नको म्हणायचं तर देशी काच करून दाखवायची, इतका साधा व्यवहार त्यांना कळत होता. त्यांच्या नकारामागे कष्ट होते, वर्गणीची पावती होती, भट्टीपुढे घाम गाळणारा कारागीर होता. आपल्या नकारामागे अंगठा आहे. तो वर सरकला की संताप, आणखी वर सरकला की गोव्याच्या हॉटेलची ऑफर.

त्याच तळेगावपासून जवळच कुंडमळा आहे. १५ जून २०२५, रविवार, दुपार टळलेली. इंदोरीजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चौघे गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. नदीपलीकडच्या शेतकऱ्यांना ये-जा करता यावी म्हणून तीसेक वर्षांपूर्वी बांधलेला तो अरुंद पूल. शेतावर जाणारी माणसं, डोक्यावर भारा, फार तर एखादी दुचाकी, एवढ्याच हिशेबाने केलेला. पूल धोकादायक असल्याचं जाहीर झालं होतं, तशी पाटी होती, नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. काम मात्र सुरू झालं नव्हतं. त्या दुपारी पुलावर शंभराच्या वर माणसं होती, दुचाक्याही होत्या, आणि खाली पावसाने फुगलेली नदी.

शासनाचा गुन्हा उघड आहे, तो मी माफ करत नाही. नुसती पाटी लावून मोकळं होणारं प्रशासन आणि मंजुरीचं पत्र हाती ठेवून बसणारे लोकप्रतिनिधी, दोघांनाही त्या चार मृत्यूंचा जाब द्यावा लागेल. पण शेतकऱ्यांच्या पुलावर शंभर पर्यटक आले कुठून? पूर्वी कुंडमळा मावळातल्या लोकांना आणि फार तर काही भटक्यांना ठाऊक होता. मग कुणीतरी पावसाळ्यातला फेसाळ प्रवाह टिपला, वर गाणं टाकलं, ‘पुण्यापासून फक्त एक तास, कुणालाच माहीत नसलेली जागा’ असं लिहिलं. हजारोंनी बघितलेल्या व्हिडिओत ‘कुणालाच माहीत नसलेली जागा’ असं लिहिताना लिहिणाऱ्याला हसू आलं नाही, बघणाऱ्यालाही आलं नाही. पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागली. त्यातल्या प्रत्येकाने आपलाही व्हिडिओ टाकला. पूल कुणी बांधलाय, कशासाठी, तो किती भार पेलतो, हे सांगणारा एकही व्हिडिओ कुणी केला नाही. तो कुणी पाहिलाही नसता.

त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पाण्याचा लोंढा आला आणि पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. बहुतेक लहान मुलं. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं देशभराने फोनवर पाहिली. आठवडाभरात तो व्हिडिओ जुना झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी धोक्याच्या ठिकाणी पाण्यात उतरायला आणि सेल्फी-रील काढायला मनाई केली. मनाई मोडून आत शिरणाऱ्यांचेही व्हिडिओ आले. त्याच जूनमध्ये, अगदी आपल्या बाजूला, जांभूळवाडीजवळ एका पडक्या इमारतीच्या कडेला लोंबकळलेल्या तरुणीचा रील फिरला आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. जीव धोक्यात घालणारी ती मुलगी वेडी, आणि तो रील पुढे पाठवणारे आपण शहाणे, अशी आपली वाटणी. बघणारेच नसते तर ती त्या कडेला गेली असती का?

असे अपघात झाले की दरीत कोण उतरतं ते बघा. लोणावळ्याचं ‘शिवदुर्ग मित्र’ हे पथक. ही पगारी माणसं नाहीत. कुणाचं दुकान आहे, कुणाची नोकरी आहे. फोन आला की दोर घेऊन निघतात, रात्रभर पावसात शोधतात, फुगलेलं प्रेत खांद्यावरून वर आणतात आणि सकाळी कामावर जातात. कुंडमळ्यालाही ती माणसं होतीच. पर्यटनाने देशाच्या उत्पन्नात किती भर घातली हे मोजताना हॉटेलच्या खोल्या मोजतात, विमानाची तिकिटं मोजतात. या माणसांची रात्र त्या आकड्यात कुठे बसवायची? दुसऱ्याच्या रीलचं बिल ते आपल्या झोपेतून भरतात.

आता पैशाचाच हिशेब करू, कारण ‘आम्ही गेलो म्हणून तर गावाला चार पैसे मिळतात’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत पाठ आहे. बिबवेवाडीहून मुळशीला निघालेल्या एका गाडीचा रविवार घ्या. पेट्रोल बायपासच्या पंपावर भरलं. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, कोल्ड्रिंक आदल्या रात्री के. के. मार्केटजवळून घेतलं, तिकडे महाग पडतं म्हणून. बाटलीही इकडूनच घेतली. मिसळ पिरंगुटला, मोठ्या पार्किंगच्या हॉटेलात खाल्ली, त्याचा मालक शहरातला. ताम्हिणीत एका म्हाताऱ्या बाईकडून दोन कणसं घेतली, तीही पाच रुपये कमी करून. दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर गाडी लावली. लावणीच्या चिखलात उतरून फोटो काढले, दोन ओळी रोपं तुडवली. झाडामागे आडोसा केला. संध्याकाळी परतताना पिशवी वळणावरून खाली भिरकावली. रात्री रील पडला. त्याखाली आलेल्या जाहिरातीचा पैसा कॅलिफोर्नियाला गेला. मुळशीच्या वाट्याला काय आलं? दोन कणसांचे पैसे, तुडवलेली रोपं आणि पिशवी.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातातल्या खराट्याने वाट झाडायचे, मग रात्री कीर्तन. त्यांचं नाव आपण ग्रामस्वच्छता अभियानाला दिलं, विद्यापीठाला दिलं, आणि उलटा क्रम लावला. आधी आपलं कीर्तन, आणि झाडायला गावाने यावं. पुण्यात तरी आपला कचरा उचलायला ‘स्वच्छ’च्या कष्टकरी बायका दारात येतात. घाटातल्या वाडीला घंटागाडी नाही. तिथली पिशवी ओढ्यात जाते, ओढ्यातून धरणात, आणि धरणाच्या काठी उभं राहून आपण पुन्हा ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ लिहितो.

ज्या मुळशीच्या बॅकवॉटरवर ड्रोन उडवतो त्या पाण्याखाली गावं आहेत. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी तिथे सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते, ‘सेनापती’ ही पदवी त्यांना त्याच लढ्यात मिळाली. मावळे हरले, जमिनी बुडाल्या, वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांची उरलीसुरली जमीन दुसऱ्यांदा बुडते आहे, या खेपेला पाण्याशिवाय. कुठलासा डोंगरमाथा प्रसिद्ध होतो, आठ-पंधरा दिवसांत ‘लेक व्ह्यू एनए प्लॉट’चे फलक लागतात, एजंट गावात फेऱ्या मारतात. शेतकरी विकतो. त्याला पोरीचं लग्न करायचं असतं, कर्ज फेडायचं असतं, आणि एवढी रक्कम त्याच्या बापाने पाहिलेली नसते. पाच वर्षांनी तोच माणूस त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या फाटकाशी रखवालदार म्हणून उभा असतो आणि शनिवारी रात्री शहरातून आलेल्या पोरांना ‘साहेब, आवाज कमी करा’ म्हणून विनवतो. याला आपण विकास म्हणतो. गर्दी वाढली, जमिनीचा भाव वाढला, आकडे वर गेले, आणि गावाच्या नावावर होतं तेही गेलं.

दुसरीकडे जगाला आपण काय दाखवतो? एप्रिल २०२५मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण सिंहगड चढत होता, हातात कॅमेरा. वाटेत भेटलेल्या आपल्या पोरांनी त्याला मराठी शिकवलं. म्हणजे शिव्या शिकवल्या आणि त्या त्याच्या तोंडून वदवून घेऊन खिदळले. तो बिचारा आपल्याला काही चांगलं शिकवताहेत या समजुतीत. व्हिडिओ पसरला, हवेली पोलिसांत गुन्हा दाखल झाला, चार दिवस हळहळ झाली. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्याच भागात कोरियन तरुणीशी लगट करणाऱ्याचा व्हिडिओ असाच जगभर गेला होता. ज्या गडासाठी तानाजी पडला त्या गडावर पाहुण्याची ही सरबराई, आणि गाडीच्या मागच्या काचेवर राजमुद्रा.

२०१९मध्ये एक कोटी नऊ लाख परदेशी पर्यटक भारतात आले होते. २०२४मध्येही तो आकडा एक कोटीला पोचला नाही. त्याच वर्षी परदेशी गेलेले भारतीय तीन कोटींच्या वर होते. पाहुणे का येत नाहीत याची कारणं व्हिसापासून हवेपर्यंत बरीच असतील. पण एकटी बाई, कॅमेरा आणि भोवती जमलेलं आपलं कोंडाळं असा एकेक व्हिडिओ ‘अतुल्य भारत’च्या जाहिरातीचा पैसा पाण्यात घालतो. तो पैसा करातून येतो, आणि कर मार्केट यार्डातला हमालही भरतो, काडेपेटी घेताना भरतो.

घरातल्या हिशेबाकडे वळायला नको वाटतं, पण वळावं लागेल. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली २०२३-२४मध्ये भारतीयांनी परदेशी पाठवलेल्या सुमारे ३२ अब्ज डॉलरपैकी १७ अब्ज निव्वळ प्रवासापोटी गेले. ज्याने कमावले त्याने खर्चावे, जग बघावे, मी कोण अडवणार? पण २०२२-२३मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत देशाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, अनेक दशकांतल्या नीचांकावर आली. सगळा दोष सहलींचा नाही. घरांची कर्जं आहेत, शाळांच्या फिया आहेत. तरी ‘आधी फिरा, मग फेडा’ ही जाहिरात आपल्या घरात शिरली आणि आपण तिला चहा दिला. पूर्वी लग्नात ऐपतीबाहेर खर्च करून शेतकरी बुडतो म्हणून सुधारकांनी कंठशोष केला. आता वाढदिवस, ‘प्री-वेडिंग’, दहावीचा निकाल, प्रत्येकाला एक डोंगर नाहीतर एक समुद्र लागतो. कर्मकांड तेच, फक्त भटजीच्या जागी कॅमेरावाला.

आणि याचं खरं ओझं सोसायट्यांवर पडत नाही, ते शेजारच्या अप्परच्या वस्तीवर पडतं. अप्पर इंदिरानगरच्या नाहीतर ओट्याच्या घरातला विशीचा पोरगा हप्त्यावर फोन घेतो. दिवसभर पार्सलं पोचवतो. ज्यांच्या दारात पोचवतो त्यांचे गोव्याचे, मनालीचे रील रात्री पाहतो. त्याला वाटतं, आयुष्य तिकडे चाललंय आणि आपण जिन्यात उभे आहोत. मग चार मित्र, दोन दुचाक्या, मोबाइलवरच्या अ‍ॅपने पाच मिनिटांत दिलेलं कर्ज आणि ताम्हिणी. ते कर्ज त्याची आई धुण्याभांड्याच्या पगारातून फेडते. ज्या घरी ती भांडी घासते त्या घरची बाई तिला म्हणते, ‘तुमच्या पोरांना पैशाची किंमत नाही.’ ही आपली नीती! ज्या हावरेपणाचा धडा आपण दिवसरात्र स्टेटसवर गिरवतो, तोच धडा गिरवला म्हणून गरिबाच्या पोराला बोल लावायचा.

१२ मे १८७५ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. कागदावर काय लिहिलंय हे न कळता त्यांनी निशाण्या उठवल्या होत्या, आणि त्या निशाणीपायी जमीन जाते हे कळल्यावर ते उठले. अंगठेबहाद्दर म्हणून त्यांना हिणवणारे आपण पदवीधर आज दिवसातून शेकडो वेळा अंगठा उठवतो. कुठल्या गावाचा रविवार विकला, कुठल्या देशाचा धंदा बुडवला, कुणाच्या पोराला कर्जात लोटलं, यातलं काहीच वाचत नाही. ते निरक्षर तरी होते.

‘मग काय घरात बसायचं?’ हा प्रश्न मला येणारच. नाही, जावं. पण वेळासला जाणारे कसे जातात ते बघावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात भाऊ काटदरे आणि सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२पासून समुद्री कासवांची अंडी राखली. २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणा गावातल्याच घरी उतरतो, त्या घरच्या बाईच्या हातचं जेवतो, पैसे तिच्याच हाती देतो. कासव राखलं तर चूल पेटते हे गावाला पटलं, म्हणून अंडी राहिली. कासचं पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा फुलांवर लोळून फोटो काढणाऱ्यांनी ते जवळजवळ खाऊन टाकलं होतं. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आलं, आणि राखण करायला आसपासच्या गावांतलीच माणसं उभी राहिली. मर्यादेवर पुणेकरांनी केवढा कांगावा केला! भूतान भारतीय पर्यटकाकडून रात्रीला बाराशे रुपये घेतं, ते आपण निमूट देतो आणि परत येऊन त्या देशाच्या स्वच्छतेचं कौतुक करतो. सिंहगडाच्या नाक्यावर उपद्रव शुल्काची पावती फाडली की मात्र ‘आमच्याच गडावर जायला पैसे?’ म्हणून हुज्जत घालतो.

११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. त्या रात्री बिबवेवाडीत एकाही फोनवर दुसरं स्टेटस नव्हतं. अभिमान वाटला, वाटावाच. पण लोहगड, राजगड आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. यादीत नाव आल्यावर तिथे उसळणारी गर्दी पायथ्याच्या गावाला काय देणार आणि काय नेणार, हे विचारायचं काम सरकारवर सोडलं तर सरकार फक्त पर्यटकांचा आकडा जाहीर करेल. ते काम जाणाऱ्याचं आहे. पायथ्याच्या घरी जेवावं, गावच्या पोराला वाटाड्या घ्यावं, ग्रामपंचायत मागेल ते शुल्क पावती घेऊन द्यावं, आपला कचरा पिशवीत भरून बिबवेवाडीत परत आणावा. आणि जिथे पूल अरुंद आहे, ओढा फुगतो, वाडी लहान आहे, तिथला व्हिडिओ टाकू नये. बघितलेलं सगळं दाखवलंच पाहिजे असा कुठला कायदा नाही.

हे सगळं करायला चळवळ लागत नाही, सोसायटीची एक सभा पुरते. पावसाळी सहलीचा विषय दरवर्षी निघतोच. यंदा तिथे एवढाच ठराव मांडा की उतरायचं ते गावातल्या घरी, माणशी शंभर रुपये ग्रामपंचायतीला, आणि ग्रुपवर जागेचं नाव टाकायचं नाही. पहिल्या दोन अटींवर फार तर कुरकुर होईल. तिसरीवर मागच्या रांगेतून कुणीतरी उठेल आणि म्हणेल, फोटो टाकायचेच नसतील तर जायचं कशाला?